दुभाष्यानं किती समजून घ्यावं आणि किती बोलावं

प्रश्न एका तरुणीचा आहे. ती लिहिते: "भाषाशास्त्र शिकले आहे. घरची भाषा तेलुगू, शाळा मराठी. आता सोलापुरात दवाखान्यांत आणि अधूनमधून कोर्टात दुभाषी म्हणून जाते. ऑस्टिन, ग्राइस, रेलेव्हन्स थिअरी हे बोलण्यातून अर्थ कसा कळतो याबद्दलचं सगळं परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. पण प्रत्यक्ष कामात बोलणारा थांबला की माझ्या हाती दोन सेकंदही नसतात. मग या सिद्धान्तांचा उपयोग काय? शिवाय एक वकील म्हणाले, 'शब्दाला शब्द सांगा, अर्थ लावत बसू नका.' डॉक्टर म्हणतात, 'तिला नेमकं काय म्हणायचंय तेवढं सांगा.' मी कुणाचं ऐकू?"

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग आधी घेते, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच आहे. वकील आणि डॉक्टर वरवर पाहता उलट सांगताहेत, पण दोघांचा विषय एकच आहे. बोललेल्या शब्दांवरून बोलणाऱ्याच्या मनातल्या अर्थापर्यंत ऐकणारा स्वतःच पोचत असतो. ते अनुमान कुणी काढायचं? वकिलांना ते तुम्ही काढलेलं नको आहे, डॉक्टरांना ते तुम्हीच काढून हवं आहे. प्रॅग्मॅटिक्स हे या अनुमानाचंच शास्त्र आहे. त्यामुळे या दोघांमध्ये उभं राहून निर्णय घ्यायला दुसरं कुठलंही ज्ञान याच्याइतकं कामाला येत नाही.

सोलापुरात कोर्ट, दवाखाना आणि कापडाचा व्यापार या तिन्ही ठिकाणी बरीच वर्षं काम करून माझं मत असं झालं आहे. अनुमान काढल्याशिवाय दुभाष्याला वाक्य कळतच नाही, म्हणून ते काढावंच लागतं. पण काढलेलं अनुमान ऐकणाऱ्याच्या वतीनं जाहीर करणं हे आपलं काम नाही. बोलणाऱ्यानं ज्या खुणा ठेवल्या असतील त्या पलीकडच्या भाषेत पोचवायच्या, मुळात असतील तितक्याच अस्पष्ट किंवा तितक्याच धारदार. त्यावरून काय ते ठरवण्याचा हक्क ऐकणाऱ्याचा. वाटतं त्याहून हे कितीतरी अवघड आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

भांडणाच्या खटल्यात नेहमी येणारं वाक्य घ्या. साक्षीदार बाई सांगते, शेजारी जाताजाता म्हणाला, "तुला बघून घेतो." तेलुगूत हेच "नी संगति चूस्ता" असं येईल, कन्नडमध्ये "निन्न नोड्कोतीनि". तिन्ही भाषांत पाहण्याच्या क्रियापदातूनच धाक घातला जातो. ऑस्टिननं १९५५ साली हार्वर्डमध्ये दिलेली व्याख्यानं १९६२ मध्ये छापून आली. त्यात त्यानं बोलण्याचे तीन पदर वेगळे केले: उच्चारलेलं वाक्य, ते उच्चारून केलेली कृती आणि ऐकणाऱ्यावर झालेला परिणाम. इथं वाक्य पाहण्याचं आहे, कृती बहुधा धमकीची आहे आणि परिणाम भीतीचा. हा 'बहुधा' महत्त्वाचा. पूर्वीच्या भारतीय दंड संहितेचं कलम ५०६ आणि आताच्या भारतीय न्याय संहितेचं कलम ३५१ धमकीबद्दल आहे, आणि बोलणाऱ्याचा इरादा घाबरवण्याचा होता का, हेच तर न्यायाधीशांना ठरवायचं असतं. तुम्ही "त्यानं मला धमकी दिली" असं सांगितलंत की त्यांच्या प्रश्नाचं उत्तर तुम्हीच देऊन टाकलंत. "त्यानं माझ्याकडे पाहिलं" असं सांगितलंत तर कृतीच पुसली गेली. मराठीत "बघून घेतो" तयार आहे, तेच ठेवायचं. जबानी इंग्रजीत टाइप होत असेल तर मूळ शब्द अवतरणात जसेच्या तसे घ्यावेत, अशी विनंती न्यायालयाला करायची. अशी विनंती आपल्या कोर्टांत कुणाला परकी वाटत नाही.

ही दृष्टी पश्चिमेकडूनच आली असंही समजू नका. अभिधा, लक्षणा, व्यंजना, म्हणजे शब्दाचा सरळ, लाक्षणिक आणि सूचित अर्थ, आपण कॉलेजात शिकलो ते कवितेसाठी, पण संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटानं दिलेलं 'गतोऽस्तमर्कः' हे उदाहरण आठवा. सूर्य मावळला. एवढ्याच वाक्यातून कुणाला कळतं की गुरं घरात घ्यायची वेळ झाली. कुणाला कळतं की काम थांबवायचं, कुणाला विक्रीचा माल आवरायचा, कुणाला संध्येला बसायचं. वाक्य एक, आणि सूचित अर्थ ऐकणाऱ्याच्या परिस्थितीप्रमाणे निराळा. आता मधल्या दुभाष्यानं ते गुराख्याच्या कानानं ऐकलं आणि व्यापाऱ्याला "गुरं आत घ्या" असं सांगितलं तर काय होईल? व्यंग्यार्थ मधल्या माणसाच्या डोक्यात पक्का झाला की पुढच्याच्या वाट्याला उष्टा अर्थ येतो.

वकिलांच्या "शब्दाला शब्द" या मागणीला कायद्यातच उत्तर आहे. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम २८२ म्हणत होतं की दुभाष्यानं साक्षीचा खरा अर्थ सांगणं बंधनकारक आहे. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद कायम आहे. १९६९ च्या शपथ कायद्यानुसार साक्षीदाराप्रमाणे दुभाष्यालाही शपथ घ्यावी लागते. कायदा 'खरा अर्थ' मागतो, शब्दांची मोजदाद मागत नाही. पण याचा अर्थ आपल्याला मोकळं रान मिळालं असा नाही. त्याच जुन्या संहितेच्या कलम २८० मध्ये साक्षीदाराच्या वागण्या-बोलण्याबद्दलचे शेरे न्यायाधीशांनी नोंदवावेत असं होतं, आणि तेही नव्या कायद्यात आलं आहे. म्हणजे साक्षीदार अडखळला, "म्हणजे… तसं बघितलं तर… होता वाटतं" असं म्हणाला, तर ते अडखळणंही न्यायाधीशांपुढे गेलं पाहिजे. नवखा दुभाषी इथं सफाई करतो. त्याच्या तोंडून "होता" एवढंच बाहेर पडतं आणि डळमळीत साक्षीदार ठाम होऊन जातो.

सँड्रा हेल यांनी ऑस्ट्रेलियातल्या स्पॅनिश-इंग्रजी कोर्टांतला व्यवहार अभ्यासला, तेव्हा हेच दिसलं. वकिलांच्या प्रश्नांच्या सुरुवातीचे "वेल", "नाऊ", "सी" यांसारखे छोटे शब्द दुभाषी सर्रास गाळत होते. ते निरर्थक वाटतात, पण उलटतपासणीत वकील त्यांच्याच आधारे अविश्वास, आव्हान, पवित्रा दाखवतो. आपल्याकडच्या वकिलाचं "बरं, मग" किंवा "असं होय" हे तसंच असतं. "असं होय, म्हणजे तुम्ही अंधारात चेहरा ओळखलात" यातलं "असं होय" उडालं की साक्षीदाराला साधी चौकशी ऐकू येते आणि तो निर्धास्तपणे उत्तर देतो. त्याच्यावर टाकलेला दाब त्याच्यापर्यंत पोचलेलाच नसतो.

नकारार्थी प्रश्नांकडे तर डोळ्यांत तेल घालून बघा. "तुम्ही त्या दिवशी घरी नव्हता ना?" याला मराठीत "हो" म्हटलं तर अर्थ 'नव्हतो' असा होतो, कारण आपण समोरच्याच्या विधानाला दुजोरा देतो. तेलुगूतला "अवुनु" आणि कन्नडमधला "हौदु" असेच चालतात, म्हणून या तीन भाषांत ये-जा करताना अडत नाही. पण नोंद इंग्रजीत होत असेल आणि तिथं नुसतं 'येस' टाइप झालं, तर वाचणारा उलट अर्थ घेऊ शकतो. सोलापूरची अपिलं ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे जातात. तिथं कागद वाचणाऱ्यानं तो माणूस कधी बोलताना पाहिलेला नसतो, त्याच्यासमोर फक्त ती ओळ असते. म्हणून अशा उत्तरात पूर्ण वाक्य बोला: "हो, मी घरी नव्हतो." ही भर नाही. तेलुगू "अवुनु"मध्ये हा अर्थ होताच, तो तुम्ही हरवू दिला नाहीत.

सोलापुरी दुभाष्याला फसवतं ते हेच, की आपल्या भाषा एकमेकींच्या फार जवळ आहेत. पूर्व भागातलं तेलुगू, अक्कलकोट-दक्षिण सोलापूरकडचं कन्नड आणि शहरातली मराठी पिढ्यान्‌पिढ्या एका अंगणात नांदल्या आहेत. निघताना मराठी माणूस "येतो" म्हणतो, तेलुगू माणूस "पोयि वस्ता" आणि कन्नड माणूस "होगि बर्तीनि". तिघांनाही जाणंच सांगायचं असतं. त्यामुळे 'सगळं जसंच्या तसं चालतं' असा विश्वास बसतो, आणि जिथं चालत नाही तिथं आपण बेसावध असतो. 'मी आणि इतर' याबद्दल बोलताना ऐकणाऱ्याला धरून की सोडून, हा भेद मराठीत 'आपण-आम्ही' असा आहे आणि तेलुगूतही 'मनमु-मेमु' असा आहे. कन्नडमधल्या 'नावु'मध्ये तो नाही. कन्नड साक्षीदार फौजदाराबद्दल, जमिनीच्या वाटणीबद्दल किंवा पैशाच्या व्यवहाराबद्दल 'नावु' म्हणतो, तेव्हा त्यात समोरचा माणूस धरला आहे की नाही हे वाक्यातून कळत नाही. मराठीत मात्र तुम्हाला दोहोंपैकी एक निवडावंच लागतं. "आपण मिळून ठरवलं" असं सांगितलंत तर समोरच्या पक्षाला करारात ओढलंत. "आम्ही ठरवलं" म्हणालात तर त्याला बाहेर काढलंत. इथं संदर्भ स्वच्छ नसेल तर निवड करू नका. "दुभाषी स्पष्टीकरण मागू इच्छिते" असं म्हणून, कुणाकुणाला धरून हे म्हटलं ते साक्षीदाराला विचारण्याची परवानगी घ्या. स्वतःचा उल्लेख 'मी' न करता 'दुभाषी' असा करायचा, म्हणजे 'मी' हा शब्द साक्षीदारासाठी राखून राहतो.

आता दवाखाना. तिथं डॉक्टर जे मागतात ते चूक नाही. रुग्णाला बरं करणं हे दोघांचंही ध्येय आहे, आणि ग्राइसनं १९६७ च्या व्याख्यानांत मांडलेलं सहकार्याचं तत्त्व कोर्टापेक्षा इथं जास्त खरं ठरतं. त्यानं चार अपेक्षा सांगितल्या: लागेल तेवढं बोलावं, खरं बोलावं, मुद्द्याचं बोलावं, नीट बोलावं. परीक्षेत आपण त्या नियमांसारख्या लिहितो, पण ग्राइसचा खरा शोध असा की आपण एकमेकांकडून या अपेक्षा धरतो, म्हणूनच न बोललेलं कळतं. अडचण तेव्हा होते जेव्हा दोन माणसांची 'लागेल तेवढं' याची कल्पनाच वेगळी असते.

विड्या वळणारी एक तेलुगू बाई पोटदुखीसाठी आली आहे, असं धरा. डॉक्टर विचारतात, "मुलं किती?" ती म्हणते, "दोन." तिच्या दृष्टीनं प्रश्न घरात आज किती मुलं आहेत याचा आहे. गेलेलं मूल, अर्ध्यावर गेलेला गर्भ, या गोष्टी परक्यापुढे काढायच्या नसतात. डॉक्टरांना मात्र एकूण गरोदरपणं हवी असतात. 'दोन' हे उत्तर खरं आहे आणि तरी अपुरं आहे. तुम्ही इथं काय करता? तुम्हाला त्या वस्तीतल्या बायकांच्या बोलण्याची रीत माहीत आहे म्हणून "बहुधा आणखीही झाली असतील" असं डॉक्टरांना सांगणं मला मान्य नाही. ते तुमचं अनुमान आहे, तिचं बोलणं नव्हे. आधी "दोन" सांगा. मग डॉक्टरांना सांगा: "दुभाषी सुचवते की या उत्तरात फक्त हयात मुलं धरली असण्याची शक्यता आहे, हवं तर तसं विचारावं." आणि हे तुम्ही डॉक्टरांशी बोललात हे बाईलाही तिच्या भाषेत सांगा. पुढचा प्रश्न डॉक्टर विचारतील, उत्तर ती देईल किंवा देणार नाही. तो तिचा अधिकार.

"गोळ्या घेता का?" "घेते." हेही तसंच. रोज घेते, की दुखलं की घेते? आणि सगळ्यात धोक्याचा तो "हो… हो". डॉक्टर ऑपरेशनबद्दल समजावत असतात आणि रुग्ण मान हलवत राहतो. ते हो म्हणजे 'ऐकतोय, बोला पुढं' असतं. संमतीचं हो अजून यायचंच असतं. ऑस्टिनच्या भाषेत, कृती सिद्ध व्हायला काही अटी लागतात. काय होणार, काय धोका, नाही म्हणता येतं का, हे कळल्याशिवाय दिलेलं हो हे संमती म्हणून उभंच राहत नाही. त्या मधल्या प्रत्येक "हो"चं तुम्ही ठसठशीत "हो" केलंत तर फॉर्मवर अंगठा उमटतो आणि संमती मात्र झालेलीच नसते. ऐकण्याची दाद असेल तर ती दादेसारखीच द्या, हलक्या हुंकारानं. आणि शेवटी डॉक्टरांनी "काय समजलं ते तुमच्या शब्दांत सांगा" असं विचारावं, अशी सूचना कामाआधीच द्या. चांगले डॉक्टर ती आनंदानं घेतात, हा माझा अनुभव आहे.

स्पर्बर आणि विल्सन यांनी १९८६ मध्ये मांडलेल्या रेलेव्हन्स थिअरीचा दवाखान्यात रोज प्रत्यय येतो. ऐकणारा कमीत कमी कष्टात हाती लागणारा पहिला समाधानकारक अर्थ धरतो आणि तिथंच थांबतो. थकलेला, घाबरलेला, इंडी-अफझलपूरकडून पहाटेची गाडी धरून आलेला माणूस तर फारच लवकर थांबतो. डॉक्टर म्हणतात, "पथ्य पाळा." रुग्णाला पहिल्यांदा सापडणारं पथ्य घरचं असतं: आंबट नको, वांगं नको, वातूळ नको. डॉक्टरांच्या मनात मीठ असतं. तुम्ही "पथ्य पाळा" हे अगदी बिनचूक पोचवलंत तरी निरोप पोचला नाही. तरीही मीठ तुम्ही घालू नका. डॉक्टरांना विचारा, "पथ्य म्हणजे काय काय, ते सांगता का?" सिद्धान्त तुम्हाला इथं एवढंच शिकवतो की ऐकणारा कुठं थांबणार याचा अंदाज आधीच यायला हवा. हा अंदाज ज्याला येतो तोच वेळेवर प्रश्न विचारतो.

गुट यानं हाच सिद्धान्त भाषांतराला लावला तेव्हा एक गोष्ट स्पष्ट केली, ती मला फार मोलाची वाटते. भाषांतरकार स्वतःच्या वतीनं जगाबद्दल विधान करत नसतो, दुसऱ्याच्या विधानाशी साम्य राखण्याचं वचन देत असतो. म्हणून रुग्णानं खोटं सांगितलं आणि तुम्हाला ते खोटं आहे हे ठाऊक असलं, तरी ते खोटं नीट पोचवणं हे तुमच्या कामातलं खरेपण आहे.

सौजन्याचा प्रश्न निराळा घेते, कारण तिथं मन आड येतं. ब्राउन आणि लेव्हिन्सन यांनी माणसाच्या 'मुखा'ची, म्हणजे चारचौघांतल्या मानाची, कल्पना घेऊन सौजन्याचा सिद्धान्त उभा केला. लेव्हिन्सननं त्यासाठी तमिळ खेड्यात राहून काम केलं होतं, त्यामुळे आपल्याकडच्या आदरार्थी बोलण्याला तो बऱ्यापैकी लागू पडतो. मराठीत तू-तुम्ही, तेलुगूत नुव्वु-मीरु, कन्नडमध्ये नीनु-नीवु. डॉक्टर वैतागून म्हणतात, "इतके दिवस काय झोपला होता?" दुभाष्याच्या तोंडी आपोआप येतं, "जरा उशीर झाला म्हणतात." हेतू चांगला असतो. पण रुग्णाला डॉक्टरांचा चेहरा दिसतोय, आवाज ऐकू येतोय, आणि तुमचं गोड वाक्य त्या चेहऱ्याशी जुळत नाही. त्याचा विश्वास तुमच्यावरून उडतो. शिवाय रागावण्याचा, उलट उत्तर देण्याचा किंवा "साहेब, पैसे नव्हते" असं सांगण्याचा त्याचा हक्क तुम्ही काढून घेता. माझा आग्रह आहे की बोलणाऱ्यानं जितकं टोचलं तितकंच टोचू द्या, वर एक काडीही चढवू नका.

आणि आदराच्या छोट्या शब्दांना क्षुल्लक समजू नका. सुझन बर्क-सेलिगसन यांनी अमेरिकी कोर्टांच्या संदर्भात प्रयोग करून दाखवलं की साक्षीदाराच्या तोंडचे सर-मॅडमसारखे आदराचे शब्द भाषांतरात राखले तेव्हा ऐकणाऱ्यांना तो साक्षीदार अधिक विश्वासार्ह वाटला. शब्द गेले की माणूस उतरला. सोलापूरचा यंत्रमाग कामगार प्रत्येक वाक्यामागे 'साहेब' लावतो, कुणी 'अण्णा' म्हणतो, बाया 'अक्का' म्हणतात. चौथ्या वाक्यापासून आपण ते कंटाळून गाळायला लागतो. गाळू नका.

कोण कुणाशी बोलतंय, हाही प्रॅग्मॅटिक्सचाच प्रश्न. समाजशास्त्रज्ञ गॉफमननं बोलणाऱ्याच्या तीन भूमिका सुट्या केल्या: आवाज देणारा, शब्द जुळवणारा आणि ज्याची भूमिका मांडली जाते तो. एरवी एकच माणूस तिन्ही असतो. आपल्या कामात आवाज आपला, शब्द बरेचसे आपले, पण म्हणणं दुसऱ्याचं. म्हणून आपण "मला दुखतंय" असं पहिल्या पुरुषात बोलतो. वयस्क रुग्ण यानं गोंधळतात, "तुला कुठं दुखतंय बाई?" असं विचारतात. तेव्हा सुरुवातीलाच सांगून ठेवावं: मी दोघांचं सगळं बोलणं सांगणार, 'मी' म्हटलं तर ते तुमचं समजायचं. वेडेनशो यांच्या संशोधनानं हेही दाखवलं की दुभाषी नुसता शब्द पोचवत नाही, कुणाची पाळी कधी, हेही त्याच्या हातून ठरत असतं. ही सत्ता आहे. ती आहे हे ओळखून वापरावी लागते.

ऐकणाऱ्यांच्या बाबतीत आपल्या भाषेत आधीपासून एक म्हण आहे, लेकी बोले सुने लागे. सासू डॉक्टरांना म्हणते, "आमच्या घरात कुणी वेळेवर जेवत नाही बघा." बोलणं डॉक्टरांशी, लक्ष्य शेजारी बसलेली सून. दुभाष्यानं हे डॉक्टरांनाच, तसंच, सर्वनाम न बदलता सांगायचं. "सुनेला टोमणा मारतायत" अशी टीप जोडायची नाही, आणि हे कामाचं नाही म्हणून गाळायचंही नाही. सून आजारी का पडली, याचा धागा डॉक्टरांना तिथंच सापडू शकतो. घरच्याच मुलाला किंवा वॉर्डातल्या मावशींना दुभाषी करण्यात हीच अडचण असते. ते त्या नात्यांच्या आत असतात, आणि "ती म्हणते काही नाही, थोडं दुखतंय" अशा एका वाक्यात पाच मिनिटांचं बोलणं संपवतात.

व्यापाराबद्दल थोडक्यात. चादरी-टॉवेलच्या सौद्यात तुम्हाला एका बाजूनं नेमलेलं असतं, त्यामुळे इथं थोडं पुढं जायला हरकत नाही. कारखानदार "बघतो, कळवतो" म्हणाला तर आपल्याला नकार ऐकू येतो. परदेशी खरेदीदार दोन आठवडे उत्तराची वाट बघतो. वाक्य तसंच पोचवा, पण चहाच्या वेळी, ज्यानं तुम्हाला नेमलं त्याला बाजूला घेऊन सांगा की समोरचा हे होकाराकडे झुकलेलं समजला आहे. टेबलावर मात्र दोघांसाठी सारख्याच रहा.

आता तुमचे दोन सेकंद. त्या क्षणी ग्राइस आठवायचा नसतोच. सिद्धान्ताचा उपयोग आधी आणि नंतर असतो. त्या मधल्या वेळात उपयोगी पडते ती त्यातून लागलेली सवय. वक्ता बोलत असतानाच सोबत भाषांतर करत जाण्याच्या दुभाषीकामाबद्दल घेली चेर्नोव या अभ्यासकांनी दाखवलं की कसलेला दुभाषी पुढं काय येणार याचा अंदाज बांधत चालतो. मराठी, तेलुगू, कन्नड या तिन्ही भाषांत क्रियापद शेवटी येतं आणि नकारही तिथंच येतो, म्हणून आपसात तुम्ही वक्त्याच्या जवळजवळ बरोबरीनं चालू शकता. इंग्रजीत जायचं असेल तर "मी त्याला त्या दिवशी पैसे" इथवर ऐकून दिले की दिले नाहीत हे सांगता येत नाही. कोर्टात तिथं थांबाच, अंदाजावर जाऊ नका. सभेत, भाषणात मात्र संदर्भावरून पुढं जाता येतं, कारण तिथं चूक दुरुस्त करायला पुढचं वाक्य असतं.

टिपणं घेताना शब्दांसोबत समासात कृतीची एक खूण करत जा. प्रश्न, शंका, वचन, टाळणं, टोमणा, विनंती, यांना तुमच्या स्वतःच्या छोट्या खुणा ठरवा. भाषांतर सुरू करताना आधी समासाकडे नजर जाऊ दे. शब्द एखादा निसटला तर परत विचारता येतो, पण टाळाटाळीचं तुम्ही सरळ उत्तर करून टाकलंत तर ते निसटल्याचं कुणाच्या लक्षातही येत नाही.

सरावासाठी रेडिओवरची मुलाखत किंवा ग्रामसभेचं ध्वनिमुद्रण घ्या. प्रत्येक वाक्यापुढं बोलणारा काय *करतोय* ते एका क्रियापदात लिहा: मान्य करतोय, झटकतोय, आडून विचारतोय, वेळ काढतोय. मग तेच तेलुगूत बोलून स्वतःचं मुद्रण ऐका, आणि पहिली यादी झाकून नवी यादी लिहा. दोन याद्या जिथं जुळत नाहीत ती वाक्यं बाजूला काढा. वकिलांना आणि डॉक्टरांना काम सुरू होण्याआधी पाच मिनिटं मागून घ्या आणि दोघांना एकच सांगा: बोललेलं सगळं सांगेन, शंका आली तर सगळ्यांसमोर विचारेन, माझ्या मनचं काही घालणार नाही. पहिल्यांदा नकार मिळाला तरी दुसऱ्या वेळी पुन्हा मागा.